कन्यादानाला मामा कशाला?

सोमवार, ३ तारीख

बाप जिवंत आहे, दोन पायांवर चालतो, स्वतःच्या हाताने चहा पितो, आणि कन्यादानाला म्हणे मामा बसणार! कशाला? हे मी विहीणबाईंना फोनवर विचारलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारलं. आधी म्हणाल्या, ह्यांना फार वेळ मांडी घालून बसवत नाही. मी म्हटलं, पाट देऊ, स्टूल देऊ, खुर्ची देऊ. मग म्हणाल्या, ह्यांना होमाचा धूर सोसत नाही. जन्मभर बस चालवली त्या माणसाने, डिझेलचा धूर खाल्ला, आणि आता तुपाचा धूर सोसत नाही!

मग मामाने फोन घेतला. हा मुलीचा मामा विमा विकतो. तोंड उघडलं की बंदच होत नाही. म्हणाला, "अहो ताई, लग्नात मामाचा मान असतोच की!"

"मामाचा मान मुलीला धरून मांडवात आणायचा. तिचा हात आमच्या हातात द्यायचा तो बापाने. मला शिकवू नका."

"नाही नाही, शिकवत नाही, पण अडचण असली तर..."

"कसली अडचण?"

तर म्हणतो कसा, रेंज नाही. शेजारच्या गल्लीत बोलल्यासारखा आवाज येत होता आणि म्हणे रेंज नाही.

आणि दुसरी गोष्ट. लग्न थंडी संपल्यावर करायचं ठरलं होतं. हॉल बघून झाला होता. आता म्हणतात पुढच्याच महिन्यात उरकू. उरकू! धुणं उरकतात, भांडी उरकतात. लग्न उरकायची घाई कोणाला असते? ज्याला काही लपवायचं असतं त्याला. माझ्या बहिणीचं असंच उरकलं होतं. मागून कळलं की नवऱ्याची पहिली बायको आहे, तीही दोन गल्ल्या सोडून. बहीण बिचारी गेली, पण मी विसरलेली नाही.

आमच्या ह्यांना सांगितलं. हे आमच्या दुकानात पलीकडच्या टेबलावर इस्त्री फिरवत होते. म्हणाले, "असेल काहीतरी." ह्यांचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत गेलंय.

मुलाला विचारलं, "लंब्या, खरं सांग. तिला दिवस गेलेत का?"

तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर निघाला होता. दारात थांबला, वर बघितलं, खाली बघितलं. म्हणाला, "आई, शर्ट जळतोय."

खरंच जळत होता. गिऱ्हाइकाचा.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की ओरडायचं नाही, मनात येईल ते वहीत लिहून टाकायचं, म्हणजे रक्तदाब चढणार नाही. चौथीनंतर मी पेन धरलेलं नाही. पण आज एवढं लिहिलं. रक्तदाबाचं काय झालं ते माहीत नाही, हात मात्र दुखतोय.


गुरुवार, ६ तारीख

त्यांच्या घरी जाऊन आलो. बोलणी करायला म्हणून गेलो, खरं तर मी बघायला गेले होते.

मुलगी आधी बघितली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. आमच्या लंब्याने तिथे चष्म्याची काडी तीन वेळा मोडून नेली तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी तिला चालताना बघितलं, वाकताना बघितलं, ट्रे उचलताना बघितलं. पोट सपाट. ओकारी नाही, काही नाही. चहा दोन कप प्याली. म्हणजे ते नाही. मग काय?

मग मी बापाकडे बघितलं. आणि काय सांगू! माणूस दिसायला राजा. उंच, भरघोस मिशी, कडक शर्ट. पण शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. विहीणबाईंनी आल्या आल्या ती नीट करून दिली, आमच्या समोर, लहान मुलाची करावीत तशी. आणि हा माणूस उभा राहिला हात वर करून!

त्याने लंब्याला विचारलं, "काय करता आपण?"

लंब्या म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करतो, काका."

"वा. चांगलं काम आहे. लोकांना वर नेता तुम्ही." सगळे हसले. मीही हसले. माणूस बरा वाटला.

चहा आला. त्याने बशीत ओतून घेतला. पुन्हा लंब्याकडे वळला, "काय करता आपण?"

लंब्या पुन्हा म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करतो, काका." तितक्याच गोड आवाजात. माझ्याशी कधी एवढ्या गोड आवाजात बोलला नाही. आणि तो माणूस पुन्हा, "वा. चांगलं काम आहे. लोकांना वर नेता तुम्ही."

मी म्हटलं, हा आमची टर उडवतोय. लिफ्टवाला जावई त्याला कमी वाटतोय. की प्यायलाय? मी उठून पाणी घ्यायच्या निमित्ताने जवळून गेले. दारूचा वास नाही. साबणाचा वास होता, चांगल्या महाग साबणाचा.

मी थेट विचारलं, "व्याहीबुवा, कन्यादानाला तुम्ही का बसत नाही?"

त्याने तोंड उघडलं. विहीणबाईंनी लगेच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मामा बोलायला लागला. हॉलच्या पार्किंगबद्दल. मी पुन्हा विचारलं. पुन्हा गुडघ्यावर हात, पुन्हा मामा. मी मामाला म्हटलं, "तुम्ही त्यांचे वकील आहात का?" तर हसला. हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते.

आणि माझा मुलगा पार्किंगवर मामाशी अगदी रंगून बोलत होता. याच्याकडे गाडी कुठे आहे?

यायला निघाले तर त्या ड्रायव्हर व्याह्याने मला दारापर्यंत सोडलं, हात जोडले, आणि अदबीने विचारलं, "आपण कुठून आलात?"

दीड तास समोर बसून! पाणी मुरतंय. कुठे ते शोधून काढते.


रविवार, ९ तारीख

मी युक्ती केली. विहीणबाईंना फोन केला आणि आवाजात साखर घोळून म्हटलं, "लग्नाचे कपडे बाहेर कशाला देता? घरचं दुकान आहे. व्याहीबुवांचे सगळे शर्ट पाठवा, मी स्वतः करते." नको नको म्हणत होत्या. मी सोडलं नाही. चष्मेवाली गाठोडं घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, कशाला तुम्हाला त्रास?" मी म्हटलं, "आपल्या माणसांचा कसला त्रास." तिचे डोळे भरून आले. का भरले? तेही लिहून ठेवते.

शर्ट उलटे केले आणि मला सापडलं.

प्रत्येक शर्टाच्या कॉलरीच्या आत पांढऱ्या कापडाची पट्टी शिवलेली. वर लाल दोऱ्याने माणसाचं नाव आणि खाली आकडे. प्रत्येक शर्टाला. दोन बनियनं चुकून आली होती, त्यांनासुद्धा.

लग्नाआधी मी मोठ्या लाँड्रीत होते. अशा पट्ट्यांचे ढीग बघितलेत मी. नावाची पट्टी तीनच ठिकाणच्या कपड्यांना असते. हॉस्पिटलच्या, हॉस्टेलच्या आणि जेलच्या. हा माणूस हॉस्टेलला जायच्या वयाचा नाही. धडधाकट आहे, म्हणजे हॉस्पिटल नाही. राहिलं काय?

ह्यांना पट्टी दाखवली. हे बराच वेळ हातात धरून बसले. म्हणाले, "किती बारीक टाका घातलाय. डोळे दुखले असतील." मी म्हटलं, टाका गेला खड्ड्यात, माणूस जेलमध्ये होता! तर म्हणाले, "असेल काहीतरी," आणि शर्ट माझ्यापेक्षा जपून घडी करून ठेवले.

मग मी नीट बघितलं. तो आकडा कैद्याचा नंबर नव्हता. फोन नंबर होता. आपल्या घरी लागतो तसलाच. शर्टात फोन नंबर कोण शिवतं?

आपला नंबर दिसू नये म्हणून मी शेजारच्या औषधाच्या दुकानात गेले आणि त्यांच्या फोनवरून लावला. पहिली घंटा पुरी वाजलीसुद्धा नाही. पलीकडे विहीणबाई! मला कुठे कोणाचा नंबर पाठ असतो! मी हॅलो म्हणायच्या आत म्हणायला लागल्या, "कुठे आहेत ते? तुम्ही कुठून बोलताय? त्यांना बसवून ठेवा हो, मी आत्ता येते. रागावू नका त्यांच्यावर. हॅलो? हॅलो?"

मी ठेवून दिला.

"कुठे आहेत ते?" म्हणजे माणूस घरी नसतो, आणि बायकोला ठिकाण माहीत नसतं. "बसवून ठेवा", म्हणजे पळून जातो. "रागावू नका", म्हणजे लोकांनी रागवावं असं काहीतरी करतो. सगळं जुळलं. तो दीड तास ओळख न दाखवणं, ते तोंड दाबणं, ती घाई. कोणाला कळायच्या आत मुलगी खपवायची.

मुलाला अजून सांगितलं नाही. आधी पक्कं करते.


मंगळवार, ११ तारीख

गुरुजींकडे याद्या करायला सगळे जमलो होतो. व्याही सोडून सगळे. 'बरं नाही' म्हणे.

आमचा मुलगा एवढा उंच की गुरुजी म्हणाले, अंतरपाट धरणाऱ्यांना बाकावर उभं करावं लागेल, नाहीतर मंगलाष्टका संपायच्या आत हा वरूनच नवरीला बघून घेईल. सगळे हसत होते, मी नाही. मी गुरुजींना विचारलं, कन्यादानात बापाला काय काय बोलावं लागतं? ते म्हणाले, मुलाच्या पणजोबा, आजोबा, वडिलांची नावं, मुलीच्या तिन्ही पिढ्यांची नावं, मग मुलीचं नाव, आणि ही मी तुम्हाला दिली असं म्हणून पाणी सोडायचं.

मी म्हटलं, "झालं तर. हे सगळं अग्नीसमोर बापाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. मामा नाही, काका नाही, आणि जीभ अडखळता कामा नये. तसं नसेल तर माझा मुलगा बोहल्यावर चढणार नाही."

माझा हिशोब साधा होता. ज्याच्या मनात पाप असेल त्याची जीभ तिथे अडखळेल.

विहीणबाई पांढऱ्या पडल्या. मामा याद्यांचे कागद चाळायला लागला. आणि चष्मेवाली माझ्याकडे बघून काय म्हणाली? "बाबांनाही तेच हवंय, काकू." लंब्या घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत होता. घरी आल्यावर म्हणाला, "बरं वाटलं?" आणि जेवला नाही.

माझ्या भल्याबुऱ्याचा विचार करणारं या घरात कोणी नाही. आणि मी ज्यांच्या भल्याचा विचार करते ते माझ्याकडे असं बघतात.


शनिवार, १५ तारीख

हे लिहायला दुपारपासून वही उघडून बसलेय.

सकाळी इस्त्रीचं गाठोडं घेऊन त्यांच्याकडे गेले. न सांगता. दाराला बाहेरून कुलूप. मी परत फिरणार तेवढ्यात आत कोणीतरी खोकलं. घरात माणूस आणि बाहेरून कुलूप! मी खिडकीशी गेले. पडदा सारलेला होता. व्याही आत पलंगावर बसले होते. शर्ट नीट, केस विंचरलेले, हात गुडघ्यांवर. मला बघून उठले आणि गजापाशी आले.

"ही गाडी पुढे जाणार नाही, बाई," म्हणाले. "दार बंद झालंय. मागची येईल."

मी म्हटलं, "मी गाडीसाठी नाही आले. कपडे आणलेत."

"अच्छा." थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "माझ्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही या हं."

"येईन की."

मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू का? मुलाची आई फार कडक आहे. इस्त्री करते. तिच्यासमोर मी बोलायचं नाही असं ठरलंय. मी बोललो की ती लग्न मोडणार. तुम्ही ओळखता का तिला?"

गाठोडं माझ्या काखेत होतं. ते मी खाली ठेवलं.

"ओळखते," म्हटलं.

"खरंच कडक आहे?"

"आहे."

"मग मोडेल ती."

"नाही मोडणार. तिच्याकडे पुष्कळ कामं पडलेली असतात. एवढा वेळ नसतो तिला."

त्यांना ते पटलं. हसले. म्हणाले, "मी पाठ केलंय सगळं. ऐका." आणि गजाला धरून, डोळे मिटून सुरू केलं. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव घेतलं. माझ्या सासऱ्यांचं घेतलं. आमच्या ह्यांचं घेतलं. लंब्याचं घेतलं, चांगलं पाळण्यातलं नाव, जे घरात कोणी उच्चारत नाही. मग त्यांच्या तिन्ही पिढ्या. बसचे थांबे सांगावेत तसं, कुठे न अडता. मग म्हणाले, "ही माझी मुलगी..."

आणि थांबले.

डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पुन्हा म्हणाले, "ही माझी मुलगी..." ओठ हलत होते. त्या माणसाच्या डोळ्यांत जी भीती मी बघितली ती कैद्याची नव्हती, पळालेल्याची नव्हती. मी पोरीचं नाव सांगितलं. त्यांनी ते हळूच म्हणून बघितलं. मग मोठ्याने म्हटलं, आणि ओंजळीतून पाणी सोडल्यासारखे हात खिडकीबाहेर केले. माझे हात पुढे गेले. कसे गेले ते मला माहीत नाही.

मागे विहीणबाई उभ्या होत्या. भाजीची पिशवी एका हातात. दुसरा हात पाठीमागे नेला. त्यात किल्ली होती.

मी म्हटलं, "कुलूप कशाला लावता?"

"जुन्या डेपोत जाऊन बसतात," त्या म्हणाल्या. "बसमध्ये चढून स्टिअरिंग धरतात, लोक आरडाओरडा करतात. मी शर्टात नंबर शिवून ठेवलाय. तरी कुलूप नव्हते लावत. पण गेल्या रविवारी कोणीतरी फोन लावला आणि एक शब्द न बोलता ठेवून दिला. हे बाहेर गेलेले. मला वाटलं, काहीतरी बघवणार नाही असं झालंय म्हणून बोलवेना त्या माणसाला. अंधार पडेपर्यंत सगळे रस्ते पालथे घातले. त्या दिवसापासून लावते. कोण होतं देव जाणे."

मी खाली ठेवलेलं गाठोडं उचललं.

त्यांनी दार उघडलं. मला आत बोलावलं नाही. मी आपणहून गेले आणि शर्ट कपाटात लावून दिले. विहीणबाईंनी सांगितलं, विसरण्याचं दुखणं आहे, डॉक्टर म्हणतात की वर्षभराने त्यांना मुलगी ओळखू येईल की नाही सांगता येत नाही. म्हणून घाई. "आता मोडायचं असेल तर आजच सांगा," विहीणबाई म्हणाल्या, "तिला मी समजावेन." मी म्हटलं, "गॅसवर काय ठेवलंय? करपतंय." खरंच करपत होतं.


रविवार, १६ तारीख

मुलाला बसवलं समोर.

"तुला माहीत होतं."

"पहिल्यापासून."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मोडलं असतं. हे मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला दिसलं असणार. एवढ्या उंचीवरून सगळं दिसतं मेल्याला. म्हणजे विहीण, मामा, पोरगी, माझा स्वतःचा मुलगा, सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला. आमच्या ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तर म्हणाले, "पट्टी बघून वाटलं होतं." मग तोंडात काय धरलं होतंत? "तू कुठे ऐकतेस," म्हणाले. एवढं तोंडावर हे वर्षभरात बोलले नव्हते.

एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. हे दुखणं रक्तातून येतं का? उद्या या पोरीला झालं तर माझ्या मुलाने पट्ट्या शिवत बसायचं का? हे मी लंब्याला विचारलं. तो म्हणाला, "तर मीच शिवेन." तेवीस वर्षांत स्वतःचं बटण लावलेलं नाही त्याने. मला हे उत्तर पटलेलं नाही. पण दुसरं उत्तर कोणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.


बुधवार, १९ तारीख

आता नवीनच. मामाने गुरुजींना जाऊन सगळं सांगितलं. माझ्या अटीमुळे घाबरला असणार, पण मला तर विचारायचं! गुरुजींचा निरोप आला, कन्यादानाला मामाच बसतील, वडिलांना पुढच्या रांगेत खुर्ची देऊ.

मी इस्त्री ह्यांच्याकडे देऊन तडक गेले. गुरुजी वाईट माणूस नाही. शांतपणे म्हणाले, "बाई, संकल्प म्हणजे जाणीवपूर्वक दिलेला शब्द. ते मध्येच उठून गेले, भलतंच बोलले, तर विधी अर्धा राहील. लोक हसतील."

"हसणाऱ्यांना मी बघून घेईन."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, जीभ अडखळता कामा नये?"

"म्हणाले होते. आता म्हणते, अडखळू दे. तुम्ही थांबायचं. नाव आठवलं नाही तर सांगायचं. पुन्हा विसरले, पुन्हा सांगायचं. एरवी नवऱ्यामुलाला प्रत्येक शब्द तुम्हीच सांगता ना, त्याला कुठे काय येत असतं? तिथे चालतं, मग बापाला का नाही?"

"पण काय देतोय हे देणाऱ्याला कळायला नको का?"

"त्यांना कळतंय, मी बघितलंय. आणि ऐनवेळी नाहीच कळलं, तर घेणाऱ्याला कळतंय ना! घेणारी मी आहे. कोणी दिली ते मी विसरणार नाही."

गुरुजींनी पोथी जवळ ओढली. मग म्हणाले, "बघतो. पोथीत बघतो, दोन जाणत्या लोकांना विचारतो."

'बघतो' म्हणणारी माणसं मला ठाऊक आहेत. बघता बघता मामाला पाटावर बसवतील आणि मग म्हणतील, आता काय करणार, मुहूर्त टळत होता. मामाही त्यांच्याकडे पुन्हा चकरा मारणार, मला खात्री आहे. उद्यापासून येताजाता लक्ष ठेवते.

म्हणून उंबऱ्यातून वळून सांगून आले, आणि इथे लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाई असं बोललीच नव्हती. "गुरुजी, रविवारी आमचं दुकान बंद असतं, मी दिवसभर घरी आहे. पाटावर वडील बसणार, की मी दुसरे गुरुजी बघू? रविवारी संध्याकाळपर्यंत मला हो की नाही ते सांगा."